मेलच्या तळाला आलेल्या ओळी

अंधेरी पूर्वेला एका गाळ्यांच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. परदेशातून आलेला लोकांचा माल बंदरातून सोडवून द्यायचा, एवढाच धंदा. पण त्यासाठी दिवसभर मेलचा नुसता रतीब चालायचा. मी तिथली नेटवर्क सांभाळणारी. सांभाळणारी म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून साहेबांच्या मुलीचा मोबाइल दुरुस्त करण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. कुणाचं काहीही बंद पडलं की हाक ठरलेली, "अगं, बघ ना जरा." माझा पारा चढायला तेवढं पुरायचं.

ऑफिसच्या मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांशेजारी, एक काळा डबा होता. तो आमचा फायरवॉल. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी त्याच्याकडे जायचा. डबा तो उघडायचा, वाचायचा, त्यात काही वाईट नाही ना बघायचा आणि मगच ज्याचा त्याला पोचवायचा. लोकांना वाटतं, आपण मेल उघडला नाही म्हणजे आपण सुरक्षित. पण आपल्याआधी तो कुणीतरी वाचलेलाच असतो. रात्रंदिवस, न कंटाळता, सगळ्यांचं सगळं वाचणारं ते यंत्र एसीच्या गारव्यात गुरगुरत असायचं, आणि त्या खोलीत एकटीने बसायला मला कधीच आवडलं नाही.

पहिली ओळ साहेबांच्या मेलमध्ये आली. एका जहाज कंपनीचं इंग्रजी बिल होतं. रक्कम, तारीख, आभारी आहोत वगैरे. त्याच्या खाली थोडी अगम्य चिन्हं आणि मग चक्क मराठीत: "रात्री फार लाथा मारतं, झोप म्हणून लागत नाही."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन दाखवला. "ही कुणाची मस्करी?"

मी म्हटलं, जहाज कंपनीत कुणाला मराठी येत असेल. ते कंपनीला फोन करून भांडले. कंपनीने पाठवलेल्या मेलमध्ये ती ओळ नव्हतीच.

मग त्या ओळी इथे तिथे दिसायला लागल्या. वखारीच्या पावतीखाली: "डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय." विम्याच्या मेलखाली: "आंबट खावंसं वाटतं पण विकतचं नको." सुरुवात नाही, शेवट नाही, मधूनच कुणीतरी दार उघडून बोलावं आणि लगेच बंद करावं तशा. एक बाई बोलत होती, पोटुशी होती, आणि आमच्यापैकी कुणाशीतरी बोलत होती. कुणाशी, ते ओळीत कधीच येत नसे.

ऑफिसात आधी हसाहशी झाली, मग कुजबुज. मशीनमध्ये बाई आहे म्हणे. या इमारतीच्या जागी आधी काय होतं, याच्या चौकशा सुरू झाल्या. एका शनिवारी मी मागच्या खोलीत गेले तर डब्यावर लिंबू-मिरची लटकवलेली. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी अभ्यास केलेला; लिंबू-मिरचीला घाबरायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ती ओढून काढली आणि सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्या खोलीचा दिवा मालवताना मी पाठमोरी वळले नाही. डब्याकडे बघत बघतच बाहेर आले.

तोवर मला कारणाचा अंदाज आला होता, आणि चारच दिवसांत डबा बनवणाऱ्या कंपनीची सूचनाही आली. डब्याच्या मेल हाताळणाऱ्या भागात दोष सापडला होता. मेल आला की पाठवणाऱ्याचं नाव लिहायला डबा आपल्या स्मृतीत ठरावीक जागा सोडतो. नाव त्या जागेपेक्षा लांब असलं तर त्याने ते तोडायला हवं. हा तोडत नव्हता. नाव उतू जायचं आणि शेजारच्या जागेत सांडायचं. तिथे 'मेल इथे संपला' अशी खूण असायची, ती पुसली जायची. मग डबा थांबायचाच नाही. त्या मेलला लागून स्मृतीत दुसऱ्याचं जे काही पडलेलं असेल, तेही त्याच मेलचं समजून पुढे पाठवून द्यायचा.

सूचनेत पुढे लिहिलेलं मात्र मी दोनदा वाचलं. असं लांबलचक नाव चुकून येत नाही. बाहेरून कुणीतरी मुद्दाम तसले मेल पाठवत होतं, दार कितपत खिळखिळं आहे ते हलवून बघत होतं. एकदा का त्याला नेमकी जागा सापडली की सांडलेल्या नावाच्या जागी तो स्वतःचा हुकूम लिहिणार, आणि डबा तो निमूट पाळणार. आमचा राखणदारच त्याचा होणार. दुरुस्ती यायला मात्र अजून आठवडा-दहा दिवस लागणार होते. तोवर रोज कुणीतरी दार हलवत होतं, आणि प्रत्येक वेळी आतून ती बाई बोलत होती.

आता काकीबद्दल सांगते. काकी म्हणजे आमच्या ऑफिसातली सगळ्यात जुनी बाई, हिशेबाच्या टेबलावरची. मूळची मालवणकडची, सासरे-नवरा गिरणीतले, गिरणी गेल्यावर हे कुटुंब मुलुंडला राहायला गेलेलं. बोलायची आमच्यासारखंच मुंबईचं मराठी, पण मनातलं बोलताना मालवणीत घसरायची. आम्ही दोघी रोज एकत्र जेवायचो. तिची सोलकढी मी प्यायचे, माझी सुक्या बोंबलाची चटणी ती खायची. तिला एक मुलगी आहे, तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे माणूस गेल्यावर आंघोळ करतात. हिच्या घरी जिवंत मुलीसाठी केली. मुलगा आमच्यातला होता, बौद्ध. हेही मला माहीत होतं. काकीला मी चालायचे, जावई म्हणून आमचा मुलगा चालत नव्हता. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी बोलले असते तर सोलकढी संपली असती.

दुरुस्तीची वाट बघत होते त्या दिवसांतली गोष्ट. काकीने मला टेबलाशी बोलावलं. तिच्या स्क्रीनवर बँकेचा मेल होता आणि खाली ओळ: "अजून कुणाला सांगितलं नाही, तिसराच महिना आहे. तुला पहिलं सांगतेय."

"ह्या माझ्या चेडवाचा आसा," काकी हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "काकी, तुझ्या मुलीचंच कशावरून? कुणाचंही असेल. डब्यात सगळ्यांचे मेल असतात."

"नाय गो. आंबट विकतचं नको, असं दुसरं कोण लिहील? लहानपणापासून माझ्याच हातचं लोणचं लागतं तिला."

मग तिने सांगितलं. लग्नानंतर मुलगी हिला ऑफिसच्या पत्त्यावर मेल करायला लागली, कारण फोन बापाने बंद केले होते. काकीने पहिला मेल न वाचताच पुसला आणि माझ्याआधी इथे काम करणाऱ्या माणसाला सांगितलं, हिचा एकही मेल माझ्यापर्यंत येता कामा नये. तो माणूस पुढे दुबईला गेला. त्याने डब्यात नियम घालून ठेवला होता: या पत्त्यावरून येईल ते अडवून ठेव.

तर मुलगी लिहीत होती, डबा अडवत होता, आणि अडवलेलं सगळं आपल्या कपाटात साठवत होता. रोज सकाळी नव्या विषाणूंची माहिती आली की तो त्या कपाटातलं सगळं पुन्हा एकदा वाचून बघायचा. जुनं काय, नवं काय, त्याला सारखंच. त्याच वेळी बाहेरून कुणी दार हलवलं की तिचे शब्द सांडून दुसऱ्यांच्या मेलला चिकटायचे.

"आत्ता उघडून देते," मी म्हटलं. "एक मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नको." तिचा आवाज एकदम चढला. मग खाली आला. "मी काय ता उघडूक नाय. आपसूक इला. आपसूक इल्याचो काय दोष नाय."

मला तेव्हा तिचा इतका राग आला. म्हणजे मुलीचं वाचायचं होतं, पण वाचलं असं व्हायला नको होतं. दार उघडायचं नव्हतं, फटीतून ऐकायचं होतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलंही. ती ओठ हलवत ती ओळ पुन्हा वाचायला लागली.

त्यानंतर काकी बदलली. सकाळी आल्याबरोबर सगळ्यांच्या टेबलांवरून फिरायची. "काय आलं का गो तळाला?" लोक तिला ओळी दाखवायचे. ऑफिसची भीती मावळली, पण माझी वाढत गेली. ओळी सरळ येत नव्हत्या. लाथा मारतं असं आधी आलं होतं आणि तिसराच महिना आहे असं नंतर. एकदा "सातवा लागला" आलं आणि दोन दिवसांनी "उलट्यांनी हैराण". मी काकीला म्हटलं, हे उलटंसुलटं कसं? ती म्हणाली, "लिहिताना मागचं आठवत असेल." पोर पोटात मागेपुढे होत होतं, एकदा मोठं, एकदा अगदी एवढंसं, आणि त्याची आजी टेबलाखाली बोटं मोजत त्याचे महिने धरून ठेवत होती.

दुरुस्ती एका सोमवारी आली. मी काकीजवळ जाऊन बसले. "आज डबा नवा करणार. त्यात जुनं कपाट रिकामं होतं, अडवलेलं सगळं पुसलं जातं. तुझं काय ते आत्ता काढून घे."

"थोडे दिवस थांब ना."

"नाही थांबता येणार. बाहेर कुणीतरी टपून बसलंय. घुसला तर ऑफिसची वाट लागेल."

"मग पुस," काकी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मेल तिचे होते. ती नाही म्हणाल्यावर मी त्यांना हात लावणार नव्हते. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना मी काम केलं. डबा बंद झाला, खोलीतली गुरगुर थांबली. कुणाचंतरी बोलणं मध्येच तोडल्यासारखं वाटलं. डबा पुन्हा सुरू झाला तेव्हा कपाट कोरं होतं.

तासाभराने काकी मागच्या खोलीच्या दारात उभी. त्या खोलीत ती कधी येत नसे. चेहरा पांढराफटक. सकाळी, दुरुस्तीच्या आधी आलेला एक मेल तिने जेवण झाल्यावर उघडला होता. तळाला होतं: "मंगळवारी सकाळी मला ॲडमिट करणार आहेत. आई, तू"

पुढे काही नव्हतं.

"उघड ता कपाट," काकी म्हणाली. "कुठलं हॉस्पिटल, काय, बघ. उद्या मंगळवार."

"काकी, पुसलं गेलं."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं आता ही रडणार किंवा मला शिव्या घालणार. मला शिव्या चालल्या असत्या. तिने विचारलं, "नवा कायच नाय येवचा आता तळाला?"

"नाही."

मग ती म्हणाली, "नाहूरला राहते. बिल्डिंग माका म्हायती आसा. हॉस्पिटलात जायच्या आधी घरी गाठूया. तू माझ्या वांगडा चल."

मुलुंड आणि नाहूर. मधे दुसरं स्टेशनसुद्धा नाही. इतकी वर्षं.

"मी कशाला?" मी विचारलं.

"तू त्यांच्यातली ना. तू असलीस तर दार उघडतील."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला उठून जावंसं वाटलं. रोज एका डब्यातून जेवणारी ही बाई, आणि मी तिच्या लेखी अजून त्यांच्यातली. मी घाटकोपरला घरी आले, आईला सगळं सांगितलं आणि जाणार नाही म्हणून मोठमोठ्याने भांडले. आईने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्यासाठी जाऊ नको. त्या पोरीसाठी जा."

मंगळवारी उजाडताना मी मुलुंडला तिच्या गेटाशी उभी होते. काकी आली ती दोन्ही हातांनी एक मोठी पिशवी धरून. नवऱ्याला काय सांगून आली, मी विचारलं नाही. रिक्षात तिने पिशवी मांडीवर घेतली आणि मला दाखवली. स्वतःच्या जुन्या मऊ पातळांची दुपटी, लंगोट, एक टोपडं, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. रात्रभर बसून केलेलं असणार. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं गो," ती म्हणाली. "माझ्याकडे झालं नाही. निदान हे तरी."

बिल्डिंगला लिफ्ट होती, पण काकी जिना चढत गेली. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर चपलांची मांडणी होती. पुरुषाचे बूट, बायकांच्या सपाता, आणि खालच्या फळीवर चालताना वाजतात तसल्या छोट्या लाल सँडल. झिजलेल्या.

मी त्या बघितल्या आणि माझे पाय तिथेच थांबले. आमच्या डब्याला तारीख कळत नव्हती. तो जुनं-नवं सगळं एकाच कपाटातून काढून वाचत होता. ओळी उलटसुलट का येत होत्या ते मला त्या फळीसमोर कळलं. ती मुलगी आत्ता बोलतच नव्हती. ती केव्हाच बोलून गप्प झाली होती.

काकीनेही सँडल बघितल्या. "शेजारच्यांच्या असतील," ती म्हणाली आणि बेल दाबली.

आतलं दार उघडलं. बाहेरच्या जाळीच्या दाराला दोन छोटे हात येऊन लटकले. उघडाबंब मुलगा, केस विस्कटलेले, आंघोळीसाठी कपडे काढलेला. "कोण?" त्याने विचारलं. स्पष्ट, अख्ख्या वाक्यात बोलू शकणाऱ्या मुलासारखं.

त्याच्या मागून ती आली. हातात टॉवेल. काकीला बघून जागच्या जागी थांबली. जाळी तिने उघडली नाही.

"आज मंगळवार ना गं?" काकी म्हणाली.

"कुठला मंगळवार, आई?"

काकीने पिशवीतून टोपडं काढलं होतं. ते तिने जाळीतून आत सरकवलं, मुलाच्या डोक्याजवळ धरलं. त्याच्या टाळूवरसुद्धा बसलं नसतं. मुलगा ते खेळणं समजून हसला.

"मी त्या दिवशी दाराकडे बघत होते," मुलगी म्हणाली. आवाज अगदी सपाट. "नर्स विचारत होती कुणी येणार आहे का. मी म्हणत होते, येईल. नंतर मी लिहायचं बंद केलं."

मला राहवलं नाही. काकीवर मी चिडलेली, पण तिचा तो पुढे केलेला हात बघवेना. "त्यांना मिळालंच नाही," मी मध्ये पडले. "मी ऑफिसातली. आमच्या मशीनमध्ये दोष होता, तुमचे मेल त्यात अडकून पडले होते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला ते खरं वाटायला हवं होतं, मला दिसत होतं.

"मशीनाचो काय दोष नाय," काकी म्हणाली. "मशीनान पोचवलान. मीच अडवलंय. आणि बापाचाही काय नाव घेव नको. तुझ्या नावाच्या आंघोळीचो पयलो तांब्यो मीच ओतलंय."

जिन्यात खालच्या कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता आतलं दार बंद होणार, आणि झालं असतं तर मी त्या मुलीला दोष दिला नसता. मुलगा टोपडं डोक्यावर ठेवायचा प्रयत्न करत होता आणि ते पडत होतं.

मुलीने जाळीची कडी काढली. आत ये म्हणाली नाही. पाया पडली नाही, हसली नाही, रडली नाही. नुसती बाजूला झाली.

"पाणी काढलंय," ती म्हणाली. "ह्याची आंघोळ राहिलीय."

काकीने पिशवी तिथेच चपलांवर ठेवली, पदर खोचला, मुलाचं बोट धरलं आणि आत गेली. मी दाराबाहेरच उभी राहिले. थोड्या वेळाने आतून पहिल्या तांब्याचा आवाज आला.